फ्रेंड कोड

फ्रेंड कोड : निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेमिंग कन्सोलवर ऑनलाइन मित्र जोडण्यासाठी लागणारा बारा अंकी क्रमांक. मराठीत ‘मित्र-संकेतांक’ म्हणता येईल; रूढ शब्द मात्र हाच. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्हवर (२००२) खेळाडूचे टोपणनाव कळले की विनंती पाठवता येई. फ्रेंड कोड असा अंदाजाने शोधता येत नाही, तो ज्याचा त्याच्याकडूनच मिळवावा लागतो.

ही पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये डीएस या हातातल्या कन्सोलच्या वाय-फाय सेवेबरोबर आली. त्या वेळी प्रत्येक गेमचा कोड वेगळा असे आणि दोघांनीही एकमेकांचे कोड भरल्याशिवाय मैत्री जुळत नसे. वहीच्या मागच्या पानावर चार-चार अंकांचे तीन गट उतरवून घ्यायचे, घरी स्टायलसने (पडद्यावर टेकवायच्या काडीने) एकेक अंक भरायचा आणि समोरच्यानेही तेच केले असेल अशी आशा धरायची, असा तो व्यवहार होता. ‘मारिओ कार्ट डीएस’मध्ये अनोळखी खेळाडूशी शर्यत लावता येई, गप्पा नव्हेत, ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये कोड जुळलेला नसेल, तर ऑनलाइन पाहुण्याला गावाचे फाटकही उघडत नसे.

कोडच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एक असे, की अनोळखी माणसांनी मुलांपर्यंत पोहोचू नये म्हणूनच ही अडचण मुद्दाम घातली. निन्टेंडोने सेवा सोपी, सुरक्षित आणि मोफत म्हणून पुढे आणली होती, त्याला हे धरून आहे. दुसऱ्या मताप्रमाणे डीएसवर खेळाडूचे कायमचे खातेच नव्हते. ओळख गेमकार्ड आणि यंत्र यांच्या जोडीला बांधलेली, म्हणून गेमगणिक कोड अटळ झाला. केवळ सुरक्षितता हवी असती तर यंत्राला एक कोड पुरला असता, आणि ३डीएसवर (२०११) नेमके तसेच झाले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सुरक्षिततेचा लाभ खरा असला, तरी गेमगणिक कोडचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

कोडची घडण पाहण्याजोगी आहे. डीएसपासून ३डीएसपर्यंत त्यात ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ हा द्विमान अंक) ओळखक्रमांक आणि त्याच क्रमांकावरून काढलेली ७ बिटांची पडताळणी असे एकूण ३९ बिट असत. म्हणून सर्वांत मोठा संभाव्य कोड ३९ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या, म्हणजे ५४९७-५५८१-३८८७, असून ६ ते ९ या अंकांनी सुरू होणारा कोड तेव्हा असूच शकत नसे. स्वैर बारा आकडे दाबणाऱ्याचा क्रमांक या चाळणीतच बहुधा अडके. टंकनचूक पकडण्याची ही साधी युक्ती आहे. तिला कुलूप समजू नये.

खरी फट यंत्राबाहेर होती. कोड हातोहात फिरेल हे गृहीत धरलेले, पण मुले तो इंटरनेटवरील चर्चापटांवर टाकू लागली. ३डीएसवरील ‘स्वॅपनोट’मध्ये हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या व छायाचित्रे मित्रांना पाठवता येत. अल्पवयीनांसह काही वापरकर्ते असे कोड मिळवून आक्षेपार्ह मजकुराची देवाणघेवाण करतात असे सांगून निन्टेंडोने ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस त्यातील इंटरनेटवरून चिठ्ठ्या पाठवण्याची सोय बंद केली.

वी यू (२०१२) या कन्सोलवर कोडऐवजी नावाचे खाते आले. स्विचवर (२०१७) ‘एसडब्ल्यू’ या अक्षरांसह कोड परतला, मात्र आता एकाने विनंती पाठवून दुसऱ्याने ती स्वीकारली की पुरते. सोबत पालकांसाठी मोबाइल ॲप आले. स्विच २ वर (२०२५) सोळा वर्षांखालील मुलाला गेमचॅटवर बोलण्यासाठी पालकाची परवानगी या ॲपमधूनच लागते. वयाची रेषा सर्वत्र सारखी नाही : अमेरिकेच्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेबाबतच्या १९९८ च्या कायद्यात पालकसंमतीची अट तेरा वर्षांखालील मुलांना आहे, तर भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालील प्रत्येक जण मूल ठरतो.