प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नाही: पाणथरी, पोर्टल व्हेन आणि मधला रस्ता

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळे एकच करतो, सगळ्यात खालचं इम्प्रेशन वाचतो. स्टोन नाही ना, लिव्हर ठीक आहे ना, मग झालं. वर मधेच कुठंतरी एक ओळ असते, पोर्टल व्हेन इतके एमएम, स्प्लीन इतके सेंटीमीटर. ती ओळ कोणी वाचत नाही. आमच्याकडे पण नव्हती वाचली.

झालं असं की माझ्या आतेभावाला, वय २६, पावसाळ्यात ताप आला आणि रक्त तपासलं तर प्लेटलेट ६८ हजार. पावसाळा, ताप आणि प्लेटलेट कमी म्हटल्यावर घरात कोणाला शंकाच नव्हती, डेंग्यू! आत्यानं पपईच्या पानांचा रस चालू केला, कोणी किवी घेऊन आलं, कोणी ड्रॅगन फ्रूट. ताप चार दिवसांत गेला. प्लेटलेट मात्र जागच्या हलेनात, महिन्यानं ७२ हजार, तीन महिन्यांनी ६५. आता डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप वर येतात, रस पाजा नाहीतर नका पाजू, त्यामुळं तिथंच कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. पुढच्या पावसाळ्यात परत ताप, परत तोच डेंग्यू, परत पपई.

शेवटी एका वयस्कर फिजिशियननी त्याला टेबलवर झोपवलं, गुडघे मोडून घ्यायला सांगितले आणि उजव्या हाताची बोटं बेंबीच्या उजवीकडं खाली ठेवून प्रत्येक श्वासाला थोडी थोडी डाव्या बरगडीकडं सरकवत नेली. "मोठा श्वास घे" म्हणाले, आणि बरगडीच्या चार बोटं खालीच काहीतरी टणक येऊन बोटांना टेकलं. पाणथरी. म्हणजे प्लीहा, म्हणजे स्प्लीन. एरवी ही डाव्या बरगड्यांच्या आड लपलेली असते, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, लांबी १२ सेंटीमीटरच्या आत, आणि दुप्पट-तिप्पट फुगल्याशिवाय हाताला लागतच नाही. डॉक्टर म्हणाले प्लेटलेट कुठं गेल्या नाहीत, इथं बसल्यात. खरंच आहे ते, शरीरातल्या एकूण प्लेटलेटपैकी साधारण एक तृतीयांश नेहमीच पाणथरीत मुक्कामाला असतात, आणि ती खूप वाढली की हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. कारखाना, म्हणजे हाडांतली बोनमॅरो, व्यवस्थित चालू, सगळा माल गोदामात, आणि आपण बाजारात टंचाई बघून घाबरतोय.

मग गोदाम का फुगलं? तर गोदामातनं बाहेर पडायचा रस्ता बंद होता.

हा रस्ता जरा नीट बघू, कारण शाळेत तो एका चित्रात उरकतात. शरीरातल्या बहुतेक शिरा रक्त हृदयाकडं नेतात. पण आतडी, जठर, स्वादुपिंड आणि पाणथरी यांच्याकडनं येणारं रक्त सरळ हृदयाकडं जात नाही, त्याला आधी लिव्हरमध्ये हजेरी लावावी लागते. पाणथरीतनं निघते ती स्प्लेनिक व्हेन, ती स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून डावीकडनं उजवीकडं येते, खालून आतड्यांची मोठी शीर येते, स्वादुपिंडाच्या मानेमागं दोघी मिळतात आणि तिथनं पुढं होते ती पोर्टल व्हेन. लांबी जेमतेम ८ सेंटीमीटर. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दरवाजा, लिव्हरच्या वेशीतनं आत शिरणारी म्हणून पोर्टल. एवढीशी शीर, पण लिव्हरला मिळणारं पाऊण रक्त हिच्यातनं येतं, मिनिटाला लिटरभर तरी, आणि प्रेशर किती तर पाऱ्याचे पाच ते दहा मिलिमीटर. आपल्या हातावर मोजतात ते १२० असतं, त्यापुढं हे म्हणजे शेताला पाटानं सोडलेलं पाणी. सावकाश, शांत. आणि या पाटाला झडपाच नाहीत. पायातल्या शिरांना झडपा असतात, इथं नाहीत, त्यामुळं पुढं अडलं की रक्त बिनदिक्कत मागं फिरतं.

करूळ घाट बंद झाला की कोल्हापूरहून कोकणात जाणारी वाहनं फोंडा घाटानं नाहीतर आंबा घाटानं वळवतात, आणि तिकडच्या गावातल्या अरुंद रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागतात, साईडपट्ट्या खचतात, बघितलंच असेल. पोर्टल व्हेन अडली की हेच. रक्त जठराच्या वरच्या भागातल्या आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांमधनं हृदयाकडं जायची वाट काढतं. त्या शिरा एवढ्या वाहतुकीसाठी बांधलेल्याच नाहीत. त्या फुगतात, वळवळतात, अस्तर पातळ होतं आणि एक दिवस फुटतात. माणूस एकदम वाटीभर, तांब्याभर रक्त ओकतो. किंवा उलटी न होता डांबरासारखी काळी, चिकट शी होते, आणि हे लोक पोटाची उष्णता म्हणून अंगावर काढतात ते फार वाईट. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रस्ता बंद होण्याची सगळ्यांना माहीत असलेली जागा म्हणजे खुद्द लिव्हर, सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक, गाठीगाठींचं होतं तो आजार). त्यावर भरपूर लिहिलं जातं, मी परत लिहीत नाही. मला सांगायचंय ते लिव्हरच्या आधीच्या अडथळ्यांबद्दल, कारण तिथं लिव्हरचे रिपोर्ट बहुतेक वेळा ठीक येतात, कावीळ नसते, दारूचा तर संबंधच नसतो आणि म्हणून सगळेच फसतात.

आपल्या देशात लहान मुलांमध्ये पोर्टल प्रेशर वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोर्टल व्हेनच गुठळीनं बुजून जाणं. काही मुलांच्या बाबतीत धागा जन्माच्या वेळेपर्यंत जातो. बाळाच्या नाळेची शीर आत जाऊन पोर्टल व्हेनच्या डाव्या फांदीलाच मिळते, त्यामुळं नाळेत इन्फेक्शन झालं (राख, शेण, तेल लावायची पद्धत आठवा) की ते थेट तिथं पोचू शकतं. नवजात बाळाच्या नाळेतनं नळी घालावी लागली तरी गुठळी होऊ शकते. पण खरं सांगायचं तर बऱ्याच मुलांमध्ये कारण सापडतच नाही. गुठळी झाली तेव्हा कोणाला पत्ता नसतो, आणि मूल सहा-आठ वर्षांचं, खेळतं, शाळेत जाणारं, सर्दी-ताप येतो, तापाला आयबुप्रोफेनसारखं औषध दिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी. डॉक्टर पोट बघतात तर पाणथरी हाताला लागते.

बुजलेली शीर तशीच राहत नाही हा यातला सगळ्यात भारी भाग. काही आठवड्यांत तिच्या आजूबाजूनं बारीक बारीक शिरांचं जाळं तयार होतं, वडाचं खोड गेलं तरी पारंब्यांनी झाड उभं राहावं तसं. याला कॅव्हर्नोमा म्हणतात. या पारंब्या लिव्हरला बऱ्यापैकी रक्त पोचवतात म्हणून लिव्हर तगतं, पण मागचं प्रेशर काही पूर्ण उतरत नाही. वर कधीकधी त्या पित्तनळीलाच दाबतात आणि मग कावीळ होते, म्हणजे ज्यांनी जीव वाचवला त्यांचाच पुढं त्रास.

मोठ्यांमध्ये कारणं वेगळी. पोटातलं इन्फेक्शन, अपेंडिक्स फुटणं, पोटाचं ऑपरेशन, किंवा रक्तच जास्त गोठणारं असणं. यात जॅक-टू नावाच्या जीनमधला एक बदल महत्त्वाचा आहे, २००५ मध्ये सापडला, त्यात बोनमॅरो रक्तपेशी जास्त बनवते. गंमत अशी की अशा पेशंटचं रक्त तपासलं तर काउंट नॉर्मल दिसू शकतो, कारण मॅरो जास्त बनवते आणि पाणथरी जास्त अडवते, बेरीज बरोबर! म्हणून काउंट ठीक असला तरी ही टेस्ट करतात.

आणि फक्त स्प्लेनिक व्हेन बंद पडली तर? ती स्वादुपिंडाला चिकटून जाते हे वर आलंच, म्हणून स्वादुपिंडाला सूज आली की हिला झळ बसते, तिथल्या गाठीनं पण ती दाबली जाते. इथं पोर्टल व्हेन मोकळी, लिव्हर मोकळं, अडथळा फक्त पाणथरीच्या दारात. मग रक्त जठराच्या वरच्या भागातनं वाट काढतं आणि दुर्बीण घातली की अन्ननलिका बऱ्याचदा स्वच्छ, फुगलेल्या शिरा फक्त जठराच्या वरच्या कोपऱ्यात. अनुभवी डॉक्टर एवढं बघून लगेच स्वादुपिंडाची चौकशी सुरू करतो. यातनं रक्तस्राव होत असेल तर पाणथरी काढली की प्रश्न मिटतो, पोर्टल प्रेशरच्या आजारात असं पूर्ण बरं होणं दुर्मिळच.

पाणथरी काढायची ही सवय जुनी आहे. १९व्या शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्सच्या ग्वीदो बांती यांनी मोठी पाणथरी, रक्त कमी आणि पुढं लिव्हर खराब असा आजार मांडला आणि मूळ दोष पाणथरीतच आहे असं ठरवलं. त्यावरून कितीतरी वर्षं लोकांच्या पाणथऱ्या काढल्या गेल्या. मग न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हिपल आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन चालू असतानाच या शिरांमधलं प्रेशर मोजलं, ते वाढलेलं निघालं, आणि १९४५ च्या सुमाराला चित्र उलटं झालं. दोष रस्त्यात, पाणथरी बिचारी तुंबलेली. तरी आजही नुसत्या प्लेटलेट वाढाव्यात म्हणून ती काढायचा मोह होतो, पण सरसकट काढली तर पोर्टल व्हेनमध्येच नवी गुठळी व्हायची भीती, न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनचा धोका (म्हणून आधी लस देतात), आणि पुढं स्प्लेनिक व्हेन किडनीच्या शिरेला जोडून बायपास करायचा मार्ग पण संपतो.

आता बघायचं कसं. १९५० च्या दशकात डाव्या बरगड्यांमधनं लांब सुई थेट पाणथरीत खुपसायचे, डाय (एक्सरेत उठून दिसणारं द्रव्य) सोडायचे आणि पटापट एक्सरे काढायचे. डाय स्प्लेनिकमधनं पोर्टलमध्ये जाताना दिसायचा, चित्र सुंदर यायचं, पण सुई काढल्यावर पाणथरीतनं रक्त वाहू नये म्हणून देव पाण्यात.

आता पहिली तपासणी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्त कुठं आणि किती वेगानं वाहतंय ते दाखवणारी. सहाएक तास उपाशी बोलावतात, एक तर गॅस कमी असतो आणि दुसरं म्हणजे जेवल्यावर पोर्टलमधला फ्लो वाढतो, मग आकडे तुलनेला चालत नाहीत. आतेभावाबरोबर मी आत होतो. गार जेल, "श्वास घ्या, धरा, सोडा", आणि स्क्रीनवर लाल-निळं. लाल म्हणजे शुद्ध रक्त असं मी आपलं ठरवून टाकलं होतं, तर तसं नसतं, साधारणपणे लाल म्हणजे प्रोबकडं (पोटावर फिरवतात ती दांडी) येणारं आणि निळं म्हणजे लांब जाणारं. मशीनचा आवाज चालू केला की धमनी ठक-ठक करते आणि पोर्टल व्हेन संथ, वारा वाहावा तशी सुं. रेडिओलॉजिस्ट तीन-चार गोष्टी बघतात, रुंदी १३ एमएमच्या आत आहे का, फ्लो लिव्हरकडं जातोय की उलटा, वेग किती, आत गुठळी आहे का. स्प्लेनिक व्हेन बघताना जठरातला गॅस आडवा आला तर पेशंटला दोन ग्लास पाणी पाजतात, पाण्यातनं पलीकडचं स्वच्छ दिसतं. एवढासा जुगाड, पण चालतो.

इथं एक फसगत होते. फ्लो खूप मंद असेल आणि मशीनचं सेटिंग जोराच्या फ्लोसाठी असेल तर रंगच भरत नाही, आणि शीर बंद आहे असं वाटतं. स्केल खाली आणला की हळूच रंग येतो. सीटी स्कॅनमध्ये पण असंच एक आहे. डाय हातातनं सोडल्यावर पोर्टल व्हेन नीट भरायला ७० सेकंदांच्या आसपास लागतात. घाईनं आधीच फोटो काढला तर पाणथरीचं रक्त डाय घेऊन लवकर पोचलेलं असतं, आतड्यांचं अजून यायचं असतं, दोन्ही पाट एकत्र येतात तिथं एका बाजूला पांढरं, एका बाजूला काळं दिसतं आणि नसलेली गुठळी दिसायला लागते. आणि खरीच गुठळी असेल तर ती साधी की कॅन्सरची हे पण सीटीतच बघतात, कॅन्सरची असेल तर तिला स्वतःच्या बारीक धमन्या असतात आणि ती डाय पिते.

आतेभावाच्या डॉपलरमध्ये पोर्टल व्हेनच्या जागी शीर नव्हतीच, पारंब्या होत्या. पाणथरी १९ सेंटीमीटर. मग घरातल्या जुन्या फाइली काढल्या, त्यात पाच वर्षांपूर्वी किडनी स्टोनसाठी केलेली सोनोग्राफी सापडली, स्प्लीन १६ सेंटीमीटर, पोर्टल व्हेन नीट दिसली नाही. इम्प्रेशनमध्ये फक्त स्टोन. तेव्हा आम्ही त्या स्टोनसाठी कुळथाचं कढण करत बसलो होतो.

दुर्बिणीत अन्ननलिकेत तीन फुगलेल्या शिरा निघाल्या, त्यांना रबरी बँड लावले, दोन-तीन वेळा जावं लागलं, आणि प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू झाली. ती हृदयाची म्हणून ओळखली जाते पण पोर्टलमधलं प्रेशर पण उतरवते. गुठळी ताजी असती तर रक्त पातळ करणारी औषधं निदान सहा महिने दिली असती, जुन्यात तो हिशेब माणसागणिक वेगळा. पेनकिलर मनानं घ्यायच्या नाहीत, एवढं त्याला मोबाईलच्या कव्हरवर चिठ्ठी चिकटवून सांगितलंय.

प्लेटलेट आजही ७० हजाराच्या आसपासच आहेत आणि डॉक्टर त्याकडं ढुंकून बघत नाहीत. आत्याला सगळं समजावून झालंय, पाट, गोदाम, घाट, सगळं. ती मान हलवते, आणि परसातलं पपईचं झाड काही तोडू देत नाही.