दहावी-बारावीनंतर सैन्यात जायचंय? नागपूरच्या मुलामुलींसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

निकाल लागला की कामठी, उमरेड, काटोलकडची बरीच पोरं थेट 'भरती कधी आहे?' असं विचारतात. त्याआधी एक ठरवावं लागतं: अग्निवीर (चार वर्षांची सैनिक भरती) की एनडीए (अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी)? दोन्हींच्या वयाची चौकट सारखी नाही, त्यामुळे कशाचा अर्ज आधी करायचा याला महत्त्व आहे.

एनडीएसाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीला असतानाच यूपीएससीच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि नागपूर हे तिचं एक केंद्र आहे. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते; नौदल-हवाई दलाला मात्र बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पेपर गणिताचा ३०० आणि सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, शिवाय एसएसबी (सैन्याचं निवड मंडळ) मुलाखत ९०० गुणांची. २०२१पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. गणित बरं असेल तर आधी इथे जोर लावा, कारण हे दार लवकर बंद होतं.

अग्निवीरचं वय योजना आली तेव्हा, २०२२ मध्ये, साडेसतरा ते एकवीस होतं. जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात, त्याच धरून चाला. जनरल ड्यूटीला (सर्वसाधारण सैनिक) दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. क्लार्कला बारावीत एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५०. ट्रेड्समनच्या काही कामांना आठवी पासही चालतं.

अर्ज 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. शुल्क २५० रुपये. आधी संगणकावर लेखी परीक्षा, त्यात निघालात तर भरती मेळावा. तिथे १.६ किलोमीटर धावायचं असतं. मुलांमध्ये साडेपाच मिनिटांत आलात तर पूर्ण ६० गुण. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी जेमतेम ८२ सेकंदांत. दहा पुलअप्सना ४० गुण. नागपूरच्या मे महिन्यात हा सराव पहाटेच उरकावा लागतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी.

पोरं अडकतात ती कागदांपाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव, तसंच अर्जात भरायचं. आपल्याकडे 'वानखडे' आणि 'वानखेडे'मधला एक मात्रेचा फरकही आधारवर राहून जातो. तो मेळाव्याच्या रांगेत नाही, आत्ताच दुरुस्त करा. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतात. ऐन प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते, म्हणून लवकर काढलेले बरे. शाळेचा चारित्र्य दाखला, सरपंच किंवा महापालिकेकडचा चारित्र्य दाखला, पोलिसांचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, पॅन, बँक खातं, ताजे फोटो हेही लागतं. सरपंचाचा आणि अविवाहितचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, त्यामुळे हे दोन फार आधी काढून उपयोग नाही. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर जोडाच, जादा गुण मिळतात.

आता पैशाचं. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३० हजार ठरलेत, पण ९ हजार सेवानिधी या बचतीच्या निधीत जातात, हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ठरलेले ४० हजार. सेवानिधीत तुमची जितकी रक्कम, तितकीच भर सरकारही घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. 'एकदा लागला की जन्माची सोय' हे घरातल्या मोठ्यांचं गणित इथे लागू होत नाही, ते त्यांना अर्जाआधीच सांगा. शिवाय अठरा पूर्ण नसतील तर नोंदणीच्या अर्जावर आईवडिलांची सही लागतेच.