यान अडतं ते व्हॉल्व्हपाशी

माणसांना अंतराळात नेणारं आपलं गगनयान २०२२ ला जाणार होतं ना, मग अजून का नाही गेलं? अंतराळाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि त्यात जरा रागही असतो. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा २०२२ ची मुदत सांगितली होती, नंतर ती सरकत सरकत माणसांच्या उड्डाणासाठी २०२७ पर्यंत गेली. लोकांना वाटतं रॉकेटच तयार नसेल, किंवा पैसे कमी पडले असतील, नाहीतर सरकारी काम म्हणून रखडलं असेल. पण अमेरिकेची नवी तिन्ही यानं बघा, ड्रॅगन, स्टारलायनर आणि ओरायन, त्यांच्याकडे पैसा होता, अनुभव होता, तरी तिन्ही वर्षानुवर्षं लांबली. यातल्या पहिल्या दोघांची गोष्ट जवळून बघितली ना, की यान नेमकं कुठे अडतं ते कळतं. इंजिनाच्या अगडबंब भागात नाही, मुठीत मावेल अशा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये.

आणि दोन्ही यानांच्या गोष्टीत एकच द्रव पुन्हा पुन्हा येतो, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. साधारण २१ अंश सेल्सिअसला उकळतो, वाफ लालसर तपकिरी आणि भयंकर विषारी. १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेवरून परत येताना ही वाफ केबिनमध्ये शिरली होती आणि तिन्ही अमेरिकन अंतराळवीरांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. मग असलं विष वापरायचंच कशाला? कारण हायड्राझीनच्या जातीतलं इंधन त्याला नुसतं भेटलं तरी पेट घेतं, ठिणगी लागत नाही, लिक्विड ऑक्सिजनसारखं प्रचंड थंड ठेवावं लागत नाही, टाकीत महिनोन्महिने तसंच राहतं. जीव वाचवण्यासाठी इंजिन एका क्षणात सुरू व्हायला हवं असेल तर यासारखं भरवशाचं काही नाही. फक्त त्याला आवरून धरणारे व्हॉल्व्ह, पाइप आणि सील तितकेच भरवशाचे हवेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

२०१४ मध्ये नासाने अंतराळवीरांना स्पेस स्टेशनवर नेण्याचं काम दोन कंपन्यांना दिलं, बोईंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. २०१७ पर्यंत उडायचं ठरलं होतं. मार्च २०१९ मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन माणसांशिवाय स्टेशनवर जाऊन व्यवस्थित परत आलं, सगळे खूश, आणि २० एप्रिलला तेच यान फ्लोरिडात जमिनीवरच्या एका चाचणीत फुटलं, तुकडे तुकडे झाले. संकटात रॉकेटपासून कॅप्सूलला, म्हणजे माणसं बसतात त्या भागाला, दूर ओढून नेणारी जी इंजिनं असतात ती पेटवून बघायची होती, पण ती पेटायच्याही आधी, इंधन पुढे ढकलण्यासाठी टाक्यांमध्ये हेलियमचा दाब भरताना स्फोट झाला.

झालं होतं असं, की एका चेक व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमधून, थोडासा टेट्रॉक्साइड मागे झिरपून हेलियमच्या पाइपमध्ये येऊन बसला होता. दाब सोडल्याबरोबर तो द्रवाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा पुढे फेकला गेला आणि टायटेनियमच्या व्हॉल्व्हवर आपटला, आणि टायटेनियमच पेटलं. धातू पेटला! अंतराळ क्षेत्रात टायटेनियम आणि हा द्रव कित्येक दशकं एकत्र वापरले जात होते, या परिस्थितीत ते असे पेटतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. उपाय तसा सोपा निघाला, चेक व्हॉल्व्ह काढून तिथे बर्स्ट डिस्क बसवली, म्हणजे ठरलेल्या दाबाला फुटेपर्यंत वाट पूर्ण बंद ठेवणारी पातळ चकती. उपाय सुचायला वेळ लागत नाही हो, वेळ लागतो कारण शोधायला आणि ते हेच कारण आहे याची खात्री करायला. शेवटी ड्रॅगनमधून माणसं गेली ३० मे २०२० ला.

बोईंगचं स्टारलायनर तेव्हा अजून पहिल्याच पायरीवर होतं. डिसेंबर २०१९ च्या माणसांशिवायच्या पहिल्या उड्डाणात यानाचं घड्याळच ११ तास चुकलं, रॉकेटकडून वेळ घेताना गडबड झाली, आणि त्यामुळे नको त्या वेळी छोटी इंजिनं चालवून इंधन संपवत बसलं, स्टेशनपर्यंत पोचलंच नाही. सॉफ्टवेअरची चूक होती, सापडली. पण ऑगस्ट २०२१ मध्ये दुसऱ्या प्रयत्नासाठी यान रॉकेटवर चढवून तयार होतं आणि लॉन्चच्या दिवशी तपासणीत कळलं की टेट्रॉक्साइडच्या लाइनवरचे १३ व्हॉल्व्ह उघडतच नाहीयेत, गच्च बसलेत. टेट्रॉक्साइड टेफ्लॉनच्या सीलमधून अगदी सूक्ष्म प्रमाणात पलीकडे झिरपत होता, तिथे दमट हवेतल्या पाण्याशी त्याची गाठ पडली, नायट्रिक ॲसिड तयार झालं आणि त्याने ॲल्युमिनियमचे भाग गंजले. म्हणजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेनेच यान जमिनीवर धरून ठेवलं. मग कोरडा नायट्रोजन सोडून ओल बाहेर काढायची, ओल आत शिरायच्या जागा बंद करायच्या, आणि लॉन्चपर्यंत दर काही दिवसांनी व्हॉल्व्ह उघडून-मिटून बघायचे, असं करत करत ते यान मे २०२२ ला गेलं. ९ महिने गेले त्यात.

मग ५ जून २०२४. अंतराळवीर बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स, स्टारलायनरची माणसांसह पहिली फेरी. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या जवळ जाताना सर्व्हिस मॉड्यूलवरच्या, म्हणजे कॅप्सूलमागच्या इंजिन-इंधनाच्या भागावरच्या, दिशा सांभाळणाऱ्या २८ थ्रस्टरपैकी, म्हणजे छोट्या इंजिनांपैकी, ५ एकेक करून बंद पडले. एका टप्प्यावर तर यानावरचा पूर्ण ताबाच राहिला नव्हता, म्हणजे हवं त्या प्रत्येक दिशेला ते हलवता येत नव्हतं, आणि विल्मोर हाताने सांभाळत होते. जमिनीवरच्या टीमने थ्रस्टर रीसेट करून त्यातले ४ परत मिळवले, तेव्हा कुठे यान जोडलं गेलं. वर हेलियमची गळती होतीच.

पुढचे अडीच महिने जे चाललं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यू मेक्सिकोतल्या नासाच्या व्हाइट सँड्स चाचणी केंद्रात तसाच एक थ्रस्टर आणून, उड्डाणात झाल्या होत्या तशाच झटक्या-झटक्याने तो चालवून बघितला, आणि आत टेफ्लॉनचं छोटं सील उष्णतेने फुगून बाहेर आलेलं दिसलं, त्यामुळे टेट्रॉक्साइडची वाटच अरुंद झाली होती. छान, सापडलं कारण! पण वर स्टेशनला जोडलेल्या यानावर तेच थ्रस्टर थोडे पेटवून बघितले तर बहुतेक बरे चालले. मग ते सील परत आकसलं का? परत फुगेल का? कधी? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. थ्रस्टर एका झाकलेल्या कप्प्यात असतात, तिथे उष्णता अपेक्षेपेक्षा जास्त कोंडत होती, आणि निर्वात जागेत ती वाहून न्यायला हवाही नाही, त्यामुळे जमिनीवर हे हुबेहूब घडवून बघणं अवघडच. आणि बिघडलेला भाग सोडवून टेबलावर ठेवून बघावा म्हटलं तर तेही नाही, कारण सर्व्हिस मॉड्यूल परत येतच नाही, वातावरणात जळून जातं.

शेवटी २४ ऑगस्टला नासाने ठरवलं की माणसं यातून आणायची नाहीत. सप्टेंबरमध्ये यान रिकामंच आलं, उतरलंही नीट, आणि त्यावरून पुष्कळ लोक म्हणाले की बघा, उगाच घाबरले. मला हे अजिबात पटत नाही. नीट उतरलं म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, बिघाड परत होईल का हे माहीत नसताना दोन जीव पणाला लावायचे नव्हते. ८ दिवसांसाठी गेलेले ते दोघं २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ ला ड्रॅगनमधून परत आले. स्टारलायनरची पुढची फेरी माणसांशिवाय, नुसतं सामान घेऊन करायचं, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरलं.

घाईची किंमत काय असते हे जुन्या लोकांना माहीत आहे. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या केबिनमध्ये, जमिनीवरच्या सरावात, शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी गेले, दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आतला दाब वाढल्यावर ते उघडणं शक्यच नव्हतं. त्यानंतर माणसांचं उड्डाण २० महिन्यांनी झालं, दार बाहेर उघडणारं केलं, लॉन्चच्या वेळची हवा बदलून ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन केली. हे बदल आधीही करता आले असते, तेच वाचताना फार लागतं.

आपल्याकडे २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या चाचणीची उलटी गणना शेवटच्या ५ सेकंदांवर कॉम्प्युटरने थांबवली, मग बिघाड शोधून, दुरुस्त करून त्याच दिवशी १० वाजता उड्डाण झालं आणि कॅप्सूल बंगालच्या उपसागरात पॅराशूटने उतरली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्पेसएक्सच्या ज्या फाल्कन ९ रॉकेटवर जाणार होते त्यात लिक्विड ऑक्सिजनची गळती सापडली, तेव्हा आधी ही दुरुस्त करा मगच पुढे, असा आग्रह इस्रोच्या टीमने धरला होता. उड्डाण लांबलं, आणि २५ जूनला ते गेले. मला त्या आग्रहाचा खरंच अभिमान वाटला.

आता गगनयानच्या सर्व्हिस मॉड्यूलमध्येही हाच टेट्रॉक्साइडच्या जातीतला द्रव आणि हायड्राझीनच्या जातीतलं इंधन आहे, ५ मोठी इंजिनं आणि १६ छोटे थ्रस्टर. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या महेंद्रगिरीला ही सगळी यंत्रणा एका दमात ३५० सेकंद चालवून बघितली. पण तेही जमिनीवरच, आणि हे मॉड्यूलही परत येताना जळूनच जाणार आहे, त्यामुळे त्याचं एखादं सील वर गेल्यावर कसं वागतं ते उड्डाण चालू असताना सेन्सर जे पाठवतील तेवढ्यावरूनच कळणार. म्हणून आधी माणसांशिवायच्या फेऱ्या, आणि पहिल्या फेरीत सीटवर असणार आहे व्योममित्र, माणसासारखी दिसणारी रोबो.