हक्काचं घर आणि घराचा हक्क

‘हक्काचं घर’ हे शब्द जाहिरातींनी इतके गुळगुळीत करून टाकलेत की ‘घराचा हक्क’ म्हटलं तरी डोळ्यांपुढे किल्ली हातात घेऊन हसणारं कुटुंबच येतं. शब्द तेच, फक्त त्यांची जागा बदललेली. चलती असते तोवर हा फरक कुणाला टोचत नाही; मंदी आली की टोचतो.

हक्काचं घर म्हणजे मालकी. खरेदीखतावर आपलं नाव, विकायची मुभा, मुलांच्या नावे करायची मुभा. घराचा हक्क म्हणजे डोक्यावर छप्पर आणि तिथून कुणी मनमानी करून उठवणार नाही याची खात्री. ‘पुरेसं घर’ कशाला म्हणायचं हे सांगताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९१ साली सात गोष्टी मोजल्या. त्यात पहिली आहे ताब्याची कायदेशीर सुरक्षितता. मालक असण्याची अट त्यात कुठेच नाही. भाडेकरू, सहकारी संस्थेचा सभासद, झोपडवस्तीत राहणारा, सगळेच त्यात बसतात.

दोन्हींची गल्लत केली की काय होतं, ते स्पेनमध्ये दिसलं. तिथल्या १९७८च्या संविधानाचं ४७वं कलम वाचण्यासारखं आहे. प्रत्येकाला योग्य घराचा हक्क आहे, असं ते म्हणतंच; शिवाय सट्टेबाजी रोखण्यासाठी जमिनीच्या वापरावर सरकारने नियंत्रण ठेवावं, हेही त्याच कलमात सांगितलंय. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात आहे. नुसतं ते दाखवून कोर्टातून घर मिळत नाही. प्रत्यक्षात देशाने भर दिला तो मालकीवर, आणि १० पैकी साधारण ८ कुटुंबं स्वतःच्या घरात राहू लागली. कागदोपत्री याहून छान काय असणार?

मग २००८ची आर्थिक मंदी आली. समजा, घराचं मूल्यांकन २ लाख युरो आणि कर्ज बाकी १ लाख ८० हजार. नोकरी गेली, हप्ते थकले, घर लिलावात निघालं. मंदीत बोली लावायला कोण येणार? बोली लागली नाही तर तेव्हाच्या नियमाने बँकेला ते घर मूल्यांकनाच्या निम्म्या किमतीत घेता यायचं. म्हणजे कर्जातून वळते झाले १ लाख. घर गेलं आणि ८० हजार उरावर तसेच, वर व्याज आणि कोर्टखर्च. (२०११ मध्ये ही निम्म्याची मर्यादा ६० टक्क्यांवर नेली. उपकारच म्हणायचे.) बार्सिलोनात २००९ साली गहाणग्रस्तांची जी चळवळ उभी राहिली, तिची एक मुख्य मागणी अगदी साधी होती: घर घेताय ना, मग कर्ज फिटलं असं लिहून द्या. या चळवळीतल्या आदा कोलाऊ पुढे २०१५ मध्ये त्याच शहराच्या महापौर झाल्या.

बँकेचं कर्ज काढून हक्काचं घर उभं राहतं. घराच्या हक्काला मात्र शहराकडे स्वतःची जमीन लागते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना कंगाल झालं होतं, साम्राज्य मोडलेलं, महागाई भडकलेली. भाडी गोठवलेली असल्याने खाजगी बिल्डरांना बांधण्यात रस उरला नव्हता आणि भूखंडांचे भाव पडले होते. शहराने ते विकत घेतले, १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहनिर्माण कर लावला आणि १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक भाड्याची घरं बांधली. त्यातली कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची. तिच्या भूखंडाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम आहे. बाकी अंगणं आणि बागा. नगररचनेत मोकळ्या जागेचा हिशेब ‘विकता न येणारी जागा’ असा केला, की अशी अंगणं नकाशावरच गळतात. शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं व्हिएन्नात आजही आहेत. त्यांतले भाडेकरू मालक नाहीत, पण उद्या कुठे जायचं ही धास्तीही त्यांना नाही.

सिंगापूरने मात्र दोन्हींची सरमिसळ केलीय. तिथले लोक सरकारी फ्लॅटचे ‘मालक’ म्हणवतात, पण मिळतो तो ९९ वर्षांचा भाडेपट्टा.

स्पेनच्या राजधानीने, माद्रिदने, व्हिएन्नाच्या नेमकं उलट केलं. हप्ते थकलेल्या लोकांना घराबाहेर काढलं जात होतं त्या काळात, २०१३ मध्ये, तिथल्या प्रादेशिक सरकारने तिजोरी भरण्यासाठी आपली २,९३५ सार्वजनिक घरं सुमारे २० कोटी युरोंना गुंतवणूकदारांना विकली. आतल्या भाडेकरूंना एके दिवशी कळलं की आपला घरमालक बदललाय. २०१८ मध्ये कोर्टाने ती विक्री रद्द ठरवली. ही घरं सरकारला आता लागत नाहीत, असं विकताना गृहीत धरलं होतं. ती का लागत नाहीत, याचं पटेल असं कारण मात्र कागदपत्रांत कुठेच नव्हतं.