गप्प बसलेल्या मुलाची भीती: मोजमापाची पार्श्वभूमी

परळमधील एखाद्या बालरुग्णालयात सकाळी ऑपरेशनच्या यादीतील मुले गाऊन घालून बाकावर बसवलेली असतात. त्यांतले एक रडून आकांत मांडते, तर दुसरे आईच्या पदराचे टोक मुठीत घट्ट धरून गप्प असते; आणि ‘किती शहाणा आहे’ ही शाबासकी त्या दुसऱ्याला मिळते. उपचार घेणाऱ्या मुलांची भीती मोजण्याचा इतिहास बऱ्याच अंशी या शाबासकीवर शंका घेण्याचा इतिहास आहे.

शस्त्रक्रियेनंतर मुलांना होणाऱ्या मानसिक त्रासाविषयी अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी १९४५ मध्ये लिहिले. लक्ष वेधले ते मात्र १९५२ साली, लंडनच्या जेम्स रॉबर्टसन यांनी केलेल्या चित्रपटामुळे. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली अडीच वर्षांची लॉरा त्यात दिसते. ती फारशी रडत नाही, पण आई निघून गेल्यावर तिचा चेहरा जो मिटतो, तो पाहून अनेक डॉक्टर आणि परिचारिका अस्वस्थ झाले, काही चिडलेही. पुढे रुग्णालयातील मुलांच्या कल्याणाविषयीच्या १९५९ च्या ब्रिटिश प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे पलंगाशेजारी चटई टाकून झोपणारी आई वॉर्डात असतेच. ही सोय धोरणापेक्षा गरजेतून आलेली, पण मुलाच्या दृष्टीने मोलाची.

दुःख दिसले, तरी ते आकड्यांत मांडायचे कसे, हा प्रश्न उरलाच. १९६६ मध्ये व्हर्नन आणि सहकाऱ्यांनी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. घरी गेल्यावर झोप, जेवण, अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे यांत काय बदल झाला, हे त्यात पालकांना विचारले जाई. थोडक्यात, मोजमाप मुलाचे, पण उत्तर आईचे. स्पीलबर्गर यांच्या १९७३ च्या मापनीने प्रश्न थेट मुलाला विचारला आणि ‘आत्ता या क्षणी’ वाटणारी भीती व स्वभावातच असलेली भीती यांच्यासाठी वीस-वीस विधाने वेगळी केली. अडचण अशी की ती वाचू शकणाऱ्या मुलांसाठीच होती. शिवाय अशी विधाने मराठीत आणताना ‘चिंता’ हा शब्द मोठ्यांचा ठरतो. मूल ‘कसंतरी होतंय’ किंवा ‘पोटात गोळा आलाय’ असे म्हणते, आणि त्यातला दुसरा शब्दप्रयोग ऐकून घाईतला डॉक्टर पोट तपासू लागला, तर त्याला फारसा दोष देता येत नाही.

वाचू किंवा नीट सांगू न शकणाऱ्या मुलांसाठी मग निरीक्षणाचा मार्ग आला. येल विद्यापीठातील भूलतज्ज्ञ झीव्ह केन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या भीतीची मापनी मांडली आणि १९९७ मध्ये ती सुधारली. हालचाल, बोलणे-रडणे, चेहऱ्यावरील भाव, सजगता आणि पालकांचा आधार घेणे अशा पाच गटांत मिळून २२ वर्तने तिच्यात नोंदवलेली आहेत. वरची पायरी म्हणजे अधिक भीती. बोलण्याच्या गटात सहा पायऱ्या आणि बाकीच्यांत प्रत्येकी चार असल्याने प्रत्येक गटाचे गुण त्याच्या पायऱ्यांच्या संख्येने भागून सरासरी काढतात व शंभराने गुणतात. त्यामुळे अगदी निवांत मुलालाही शून्य मिळत नाही. त्याचे गुण २३.३३ भरतात, आणि ३० च्या वर गेलेले मूल भ्यालेले मानले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, गप्प, स्थिर बसून मोठ्या माणसाकडे तोंड वळवलेल्या मुलाला ही मापनी सजगतेच्या गटात पहिली नव्हे, दुसरी पायरी देते. बाकावरच्या त्या ‘शहाण्या’ मुलाची दखल इथे प्रथमच गुणपत्रिकेत आली, असे म्हणता येईल.

तरीही एक रकाना अडतो. जिथे पालकांना ऑपरेशन थिएटरच्या दारापाशीच थांबवतात, तिथे तोंडावर मास्क येतो त्या वेळी पालकांचा आधार घेणे कसे नोंदवायचे? २०१४ मध्ये आलेल्या छोट्या आवृत्तीतून तो गट वगळला आणि निरीक्षणाच्या वेळाही चारवरून दोनवर आणल्या: एक बाहेरच्या प्रतीक्षेत, दुसरी भूल देताना. पदर हातातून सुटतो तो क्षण या दोन्हींच्या मध्ये येतो.