राखीव आउटबोर्ड इंजिन (मासेमारी होडी)

मासेमारी होडीचे मुख्य इंजिन समुद्रात बंद पडल्यास ती स्वतःच्या बळावर किनाऱ्याला यावी, यासाठी तिच्या मागच्या फळीवर किंवा बाजूला बसवलेले छोटे, काढता-घालता येणारे इंजिन म्हणजे राखीव आउटबोर्ड. ते साधारण ४ ते १५ अश्वशक्तीचे असते. इंजिन, गिअर आणि पंखा हे सारे एकाच उभ्या सांगाड्यात असल्यामुळे होडीच्या बुडाला भोक पाडावे लागत नाही. उत्तर अमेरिकेत हौशी मासेमारीच्या बोटींवर अशा इंजिनाला ‘किकर’ म्हणतात. तेथे ते गळ ओढत संथ फिरण्यासाठीही वापरले जाते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग मुख्यतः दोन प्रकारच्या होड्यांना आहे : आत डिझेल इंजिन बसवलेल्या २५ ते ३५ फुटी होड्या, आणि ज्यांचे मुख्य इंजिनही आउटबोर्डच आहे अशा फायबरच्या होड्या.

पूर्वपीठिका. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी यंत्रज्ञ ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विक्रीस आणलेले आउटबोर्ड दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो होते. ते वल्ह्याला पर्याय म्हणून आले; राखीव इंजिनाची कल्पना त्यानंतरची. आपल्याकडे १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्यात सातपाटी, वर्सोवा अशा बंदरांतील होड्यांना डिझेल इंजिने बसू लागली. तेव्हा डोलकाठी आणि शीड लगेच काढले गेले नाही. इंजिन रुसले की शीड उभारायचे आणि वाऱ्यावर घर गाठायचे, हीच त्या पिढीची राखीव व्यवस्था होती. पुढे इंजिनांवरचा भरवसा वाढला, डोलकाठी जाळ्यांना अडचण होऊ लागली आणि शीड गेले. होडीचे दुसरे बळ त्याबरोबर गेले, पण त्या जागी काहीच आले नाही. राखीव आउटबोर्डकडे चैन म्हणून न पाहता या रिकाम्या जागेचा विचार करून पाहिले पाहिजे.

स्वतंत्रपणा. राखीव इंजिन निवडताना पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसतो. मुख्य इंजिन ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने हेही बंद पडेल का, हा असतो. समुद्रात इंजिन मोडून पडण्याचे प्रसंग त्या मानाने कमी. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते. टाकीच्या तळाचे पाणी आणि गाळ हेलकाव्यांनी ढवळून फिल्टर तुंबतो. पंख्यात जाळे किंवा दोर गुंडाळला जातो. थंड पाणी आत घेणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटते आणि इंजिन तापते. पट्टा तुटतो. रात्रभर दिवे जळून बॅटरी उतरते.

म्हणून राखीव इंजिनाचे इंधन वेगळ्या टाकीत, वेगळ्या नळीतून यावे. ते हाताने दोरी ओढून सुरू व्हावे, बॅटरीवर अवलंबून नसावे. आणि त्याची दिशा त्याच्याच दांड्याने वळवता यावी. दोन आउटबोर्ड असलेल्या होडीवर पुष्कळदा दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतून फाटा दिलेला दिसतो. दिसायला नीटनेटकी असली तरी ही मांडणी धोक्याची आहे. टाकीत पाणी शिरले की दोन्ही इंजिने पाच मिनिटांच्या अंतराने थांबतात.

पंख्यात जाळे अडकणे हा प्रसंग राखीव इंजिनाची गरज सर्वांत स्पष्ट करतो. आत बसवलेल्या डिझेल इंजिनाचा पंखा होडीखाली असतो. जाळे सोडवायला कोणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरावे लागते; लाटा असतील तर होडीचे बूड डोक्यावर आदळते. आउटबोर्ड मात्र वर उचलले की पंखा हाताशी येतो. भर वाऱ्यात खलाशाला पाण्यात उतरवावे लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीही हा खर्च योग्य ठरतो.

शक्तीचा हिशेब. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की व्यवहारातील कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. २५ फुटांना तो सुमारे ६.७ नॉट येतो. शेवटचा एक-दीड नॉट मिळवायला लागणारी शक्ती एकदम चढते आणि परतीच्या वाटेवर तिची गरज नसते. चार नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर, पुरेसे आहेत. त्यासाठी भरलेल्या होडीच्या वजनाच्या दर टनामागे २ ते ४ अश्वशक्ती हा ढोबळ अंदाज चालतो : शांत पाण्यात खालचा आकडा, समोरून वारा असेल तर वरचा. दोन-अडीच टनांच्या होडीला ८ ते १० अश्वशक्तीचे इंजिन सरासरी बरोबर बसते. त्याहून मोठे घेतले की वजन वाढते, इंधन वाढते आणि दोरी ओढणेही जड जाते.

आकड्याइतकाच पंखा महत्त्वाचा. दुकानातल्या आउटबोर्डवर बहुधा हलक्या, वेगवान बोटीचा पंखा असतो. जड होडीला कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा लागतो. पिच म्हणजे घसरण धरली नाही तर एका फेरीत पंखा पुढे सरकेल ते अंतर. पिच जास्त असेल तर इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही; घुसमटत चालते, तापते, आणि होडी जागची जेमतेम हलते. काही कंपन्या जास्त रेटा देणारी खास मॉडेले बनवतात. त्यांत गिअर अधिक मंद आणि पंखा मोठा असतो. परवडत असेल तर जड होडीला तेच घ्यावे.

टू-स्ट्रोक इंजिन हलके आणि उघडून दुरुस्त करायला सोपे, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि इंधन जास्त जाते. फोर-स्ट्रोक जड; १० अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन सुमारे ४० किलो भरते, पण कमी वेगात ते स्थिर चालते. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची आउटबोर्ड आपल्या किनाऱ्यावर परिचित आहेत आणि रोजच्या धंद्याला ती परवडतात. राखीव म्हणून मात्र ती गैरसोयीची : बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणून कार्ब्युरेटरमधले (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) रॉकेल जाळले नाही, तर पुढच्या वेळी ती सुरू होताना छळतात. विजेवर चालणारी आउटबोर्ड खाडीत ठीक. खुल्या समुद्रातून तीन तास यायचे तर बॅटरीचे वजन आणि किंमत आवाक्याबाहेर जाते.

इंधन. दहा अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक पूर्ण जोरात तासाला साडेतीन ते चार लिटर पेट्रोल घेते. १२ सागरी मैलांवरून चार नॉटने यायला तीन तास, म्हणजे सुमारे १२ लिटर. त्यावर वाऱ्या-प्रवाहासाठी निम्मे जास्त धरले की १८. त्यामुळे २५ लिटरची सुटी टाकी पुरते.

डिझेलच्या होडीवर पेट्रोल आणणे म्हणजे आतापर्यंत नसलेला धोका आणणे, आणि याची चर्चा हवी तेवढी होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरून बुडात साचते. त्याच होडीवर स्टोव्हवर भात शिजत असतो, कोणी विडी ओढत असतो. टाकी इंजिनाच्या खणात किंवा फळ्यांखाली कधीच ठेवू नये. उघड्यावर, सावलीत, चुलीपासून लांब, पट्ट्याने बांधून ठेवावी आणि भरताना शक्यतो किनाऱ्यावर उतरवून भरावी.

दुसरी अडचण पेट्रोलच्या टिकण्याची. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढते. प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. समुद्रावरच्या हवेत हे लवकर होते. म्हणून टाकी पूर्ण भरलेली आणि घट्ट बंद ठेवावी, दर महिन्याला जुने पेट्रोल काढून दुचाकीत वापरावे (तेल मिसळलेले नसेल तर) आणि ताजे भरावे. नळीत पाणी वेगळे करणारा फिल्टर हवाच.

दांड्याची लांबी आणि जागा. आउटबोर्डच्या उभ्या दांड्याच्या प्रचलित लांब्या १५, २० आणि २५ इंच, म्हणजे सुमारे ३८, ५१ आणि ६४ सेंटिमीटर. चुकीची लांबी ही बसवण्यातली सर्वांत महागडी चूक, कारण ती नंतर सहज बदलता येत नाही. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. होडी रिकामी असताना, म्हणजे ती पाण्यात सर्वांत वर तरंगत असताना, ही पट्टी पाण्याखाली चांगली बुडालेली हवी. नाहीतर लाटेगणिक पंखा हवा खातो, इंजिन किंचाळते आणि रेटा नाहीसा होतो. होडी भरलेली असताना पाणी इंजिनाच्या झाकणापर्यंत येत नाही ना, हेही त्याच वेळी बघावे. मोजमाप होडी पाण्यात असतानाच, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत घ्यावे. शंका असेल तेव्हा मासेमारी होडीसाठी लांब दांडा घ्यावा.

मागे सपाट फळी असलेल्या होडीवर राखीव इंजिन मुख्य इंजिनाच्या किंवा सुकाणूच्या एका बाजूला येते. दोन्ही इंजिने पूर्ण वळवून आणि पूर्ण उचलून पाहावीत. कुठेही एकमेकांना लागता कामा नयेत. ज्या बाजूने जाळे ओढतात ती बाजू टाळावी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात जाळे इंजिनाच्या हँडलात अडकते. दोन्ही टोकांना निमुळत्या होडीला सपाट फळी नसते; तेथे बाजूच्या काठाला लोखंडी किंवा लाकडी कंस लावतात. असे इंजिन होडीला एका कडेने ढकलत असल्यामुळे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, दुसऱ्या बाजूला वळू पाहते, ते सुकाणूने सावरावे लागते. होडी डुलली की पंखा उघडा पडण्याची शक्यताही तेथे जास्त, म्हणून लांब दांडा अधिकच आवश्यक. उलांडी (तोल सांभाळायला बाजूला बांधलेले तरंगते लाकूड) असलेल्या होडीत कंस उलांडीच्या विरुद्ध बाजूला लावणे सोयीचे.

इंजिनाची कायमची जागा ठरवून ते तेथेच बसवलेले असावे. खणात गुंडाळून ठेवलेले ४० किलोचे धूड, होडी आडवी पडून लाटांवर लोळत असताना, फळीबाहेर वाकून अडकवणे दोन धडधाकट माणसांनाही जमत नाही. हात चिरडतात किंवा इंजिन तळाला जाते.

बसवणे. इंजिनाचे दोन हाती स्क्रू फळीला आवळले की काम झाले असे अनेकांना वाटते. कंपनाने हे स्क्रू सैल होतात. त्यामुळे फळीतून आरपार जाणारे किमान दोन स्टेनलेस बोल्ट लावावेत, आणि इंजिनाच्या हँडलातून साखळी किंवा जाड दोर काढून होडीच्या पक्क्या भागाला बांधावा. फायबरच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड किंवा फोम असतो. भोक पाडल्यावर त्याच्या कडा रेझिनने बंद केल्या नाहीत तर पाणी मुरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फळी आतून कुजते; बाहेरून ती धडधाकट दिसत राहते. आतल्या बाजूने सागवानी किंवा धातूची रुंद पट्टी द्यावी, म्हणजे ताण एका ठिकाणी न येता पसरतो. वजन एका कोपऱ्यात आल्याने होडी कलते, ते बर्फाची पेटी किंवा नांगर दुसऱ्या बाजूला सरकवून साधता येते.

हँडलजवळच्या लाल बटणाची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा कमरेला असावी. तो पाण्यात पडला तर इंजिन थांबते.

देखभाल. राखीव इंजिने बहुतेक करून न वापरल्यामुळे निकामी होतात. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत पेट्रोल सुकून चिकट थर धरतो. थंड पाण्याच्या पंपाची रबरी पाती एकाच वाकलेल्या स्थितीत राहून ताठ होतात. स्क्रू आणि बिजागऱ्या खाऱ्या हवेने जाम होतात. उपाय सोपा आहे, पण नेमाने करावा लागतो : बंदर सोडताना किंवा परतताना हे इंजिन पाण्यात उतरवून पाच-दहा मिनिटे गिअरमध्ये चालवायचे. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते ती बघायची. धार नसेल तर ताबडतोब बंद करायचे, कारण पाण्याशिवाय पंप मिनिटभरातही जळतो. थांबवताना इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यायचा. शेवटी गोड्या पाण्याने इंजिन धुवायचे. इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदलावा. त्यावर रंग चढवला तर तो काम करत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील १ जूनपासूनच्या पावसाळी बंदीत इंजिन घरी आणून उभे ठेवावे, गिअरचे तेल बदलावे. जुने तेल दुधासारखे पांढरट निघाले तर सील फुटले आहे असे समजावे.

होडीवर सोबत स्पार्क प्लग, प्लगचा पाना, सुरू करण्याची जादा दोरी, पंख्याची पिन आणि एक जादा इंधन नळी हवी. नळीतल्या रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असावा लागतो. घाईत तो उलटा लागतो आणि माणसे दमेपर्यंत दोरी ओढत बसतात.

समुद्रात वापर. मुख्य इंजिन थांबले की होडी वाऱ्याबरोबर वाहू लागते. खडक किंवा उथळ पाणी जवळ असेल तर आधी नांगर टाकावा, मग राखीव इंजिनाला हात लावावा. ते निम्म्या-पाऊण जोरात चालवावे. आपल्याच बंदरात जाण्याचा हट्ट नको. वाऱ्याच्या सोयीने जे जवळचे, आडोशाचे बंदर मिळेल तेथे जावे. कोकणात बरीच बंदरे खाडीच्या तोंडाशी आहेत आणि ओहोटीचा ओढा तेथे तीन नॉटपर्यंत असला, तर चार नॉटने येणारी होडी जवळजवळ जागीच राहते. त्यात तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. अशा वेळी बाहेर नांगरून भरतीची वाट पाहणेच शहाणपणाचे. राखीव इंजिन चालू झाले तरी सोबतच्या होडीला वायरलेसवर कळवावे; गरज पडल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ वायरलेसचे १६ नंबर चॅनेल आहे.

मर्यादा. मोठ्या ट्रॉलर आणि पर्ससीन (थव्याभोवती गोल जाळे टाकणाऱ्या) नौकांना छोट्या आउटबोर्डचा उपयोग नाही; त्या बंद पडल्या की दुसरी नौका दोर टाकून ओढून आणते. होडीच्या नोंदणीपत्रात इंजिनाचा तपशील असतो, म्हणून राखीव इंजिन घेतल्यावर त्याचे बिल आणि क्रमांक घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंद विचारून घ्यावी आणि विमा असेल तर त्यातही ते दाखवावे. नांगरलेल्या होडीवरून आउटबोर्ड चोरीला जाते. कुलपाची पट्टी लावता येते. अनेक ठिकाणी मालक रोज इंजिन उतरवून घरी नेतात. मात्र पहाटेच्या घाईत ते घरीच राहिले तर राखीव व्यवस्था नसल्यासारखीच, म्हणून कुलूप लावून ते होडीवरच ठेवणे बरे.