पक्षाघातानंतर सुजलेला अंगठा

पक्षाघात होऊन आठ दिवस झालेत. काल आधार घेऊन चार पावलं टाकणारा माणूस आज पाय जमिनीला टेकवायला तयार नाही. फिजिओथेरपिस्टने पायाला हात लावला की चेहरा वेदनेने वाकडा होतो. काय होतंय ते सांगता येत नाही, कारण वाचाच गेली आहे. घरच्यांना वाटतं, यांनी हिंमत सोडली. पांघरूण बाजूला केलं की उलगडा होतो: अंगठ्याचं मूळ टरटरून सुजलंय, कातडी लालसर चकाकतेय, हाताला चटका बसावा इतकी गरम. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड सांध्यांत साचून होणाऱ्या संधिवाताचा, झटका बहुतेक वेळा असाच दिसतो.

शरीराच्या तापमानाला रक्तात दर डेसीलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच युरिक अ‍ॅसिड (शरीरात तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ) विरघळून राहतं. पातळी त्याच्या वर राहिली की सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून तिथे ते लवकर जमतात. हे स्फटिक वर्षानुवर्षं निमूट पडून राहतात. एखाद्या दिवशी संरक्षक पेशी त्यांना गिळायला जातात, तेव्हा पेशींतली धोक्याची घंटा वाजते, इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायन बाहेर पडतं आणि काही तासांत सांधा पेटतो.

मग हे नेमकं पक्षाघातानंतर का? युरिक अ‍ॅसिडची पातळी अचानक वरखाली झाली की झटका येतो, आणि या दिवसांत तिला हिंदकळवणारं बरंच काही घडतं. गिळता येत नाही म्हणून पाणी कमी जातं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, दोन्हींमुळे मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं मंदावतं. (पण तेवढ्यासाठी अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नये, तिचं काम फार मोठं आहे.) मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच: आधीपासून चालू असलेली, युरिक अ‍ॅसिड कमी ठेवणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी दाखल होण्याच्या धांदलीत यादीतून गळते. घरच्यांनी जुन्या गोळ्यांची पाकिटं सोबत नेली तर एवढं तरी टळतं.

सुजलेला पाय म्हणजे गाउटच असं धरून चालत नाही. शिरेत गुठळी झालेली असू शकते, सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो, आणि ताप तर गाउटमध्येही येतो. ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड कधी कधी चक्क नॉर्मल निघतं. खात्री होते ती सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले की. ही पद्धत १९६१पासून वापरात आहे.

उपचारांतही सावधपणा हवा. एरवी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब चढतो. एकच सांधा धरला असेल तर त्या सांध्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. गाउटची सूज उतरवणारं कोल्चिसिन कमी मात्रेत चालतं, पण मूत्रपिंड अशक्त असेल तर ते अंगावर येऊ शकतं, आणि जुलाब लागले तर शरीरातलं पाणी पुन्हा घटतं. अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर झटक्यातही ते थांबवायचं नसतं.

हे नातं उलट दिशेनेही दिसतं. ब्रिटनमधल्या ६२,००० हून अधिक गाउटच्या रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला, त्यांच्यात त्याआधीच्या दोन महिन्यांत गाउटचा झटका येऊन गेल्याचं प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट होतं.

सूज असेपर्यंत तो सांधा विश्रांतीला ठेवावा, बाकीच्या अंगाचे व्यायाम चालू राहू द्यावेत. बर्फाने आराम पडतो. मात्र पक्षाघाताने बधिर झालेल्या पायाला गारठा कळत नाही, म्हणून बर्फ कापडात गुंडाळून थोडाच वेळ धरावा आणि मध्ये मध्ये कातडी पाहत राहावी.